चुलीपासून लांब

"लायटर दे इकडं," हनीफ म्हणाला. "आणि त्या भट्टीपासनं लांब हो."

शाहबाज हसला. त्याला वाटलं, चाचा थट्टा करतायत. सकाळची मोठी भट्टी पेटवायचं काम गेल्या थंडीपासून त्याचं होतं आणि ते तो मोठ्या थाटात करायचा. आधी गॅसचा कॉक, मग लांब दांड्याचा लायटर, मग एक पाऊल मागे. जाळ गोल फिरला की "बिस्मिल्ला" म्हणून चहाचं पातेलं चढवायचं. तुरुंगात माणसाच्या हाती फारसं काही उरत नाही. त्यामुळे जे उरतं ते तो जपतो.

"माझं काय चुकलं का, चाचा?"

"काय नाय चुकलं. आज तू बस. मसूर निवड."

"मसूर मशिनीत साफ होऊन येतंय. त्यात खडा पण गावत नाय."

"मग गावत नाय, ते बघ," हनीफ म्हणाला आणि त्याने लायटर त्याच्या हातातून काढूनच घेतला.

शाहबाज परात घेऊन दाराजवळच्या स्टुलावर बसला. हनीफने भट्टी पेटवली आणि मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचा चेहरा मुळात फितूर जातीचा. पोटात काही ठेवलं की ते आधी भुवयांवर दिसायचं. आणि आज पोटात ठेवलेली गोष्ट साधी नव्हती. शाहबाजची आई अन्वरी काल दुपारी तिकडे देशात, गावी वारली होती. हनीफला ते कळलं होतं, शाहबाजला नव्हतं. ईद होऊन तो सुटेपर्यंत ते त्याला कळू द्यायचं नाही, असं गावात ठरलं होतं.

ठरवणाऱ्यांत हनीफची बायको हमीदा सर्वांत पुढे होती. काल संध्याकाळी तो शहरातल्या देरा वस्तीतल्या आपल्या खोलीवर पोचून बूट काढत होता, तेवढ्यात तिचा फोन आला. हमीदाचं गाव खाडीच्या अलीकडे, अन्वरीचं पलीकडे. मधे होडी. लग्नाला आणि मयताला दोन्ही गावं एकच.

"शाहबाजला सांगू नका हां. माझ्या गळ्याची शप्पथ हाय तुमाला."

"अगं, त्याची आई गेली..."

"म्हनून तर! मागल्या वर्षी काय झालं इसरलाव? माफीचा अर्ज नामंजूर झाला तर जेवन सोडलं, शिपायाच्या अंगावर गेला, आनि पुढची सुटका पन घालवली. आता बकरी ईदच्या माफीत त्याचं नाव गेलंय. थोडे दिस ऱ्हायले. घरी आला की आमी सांगू. आमी बायका हाव, भन अरफा हाय, धरतील त्याला. तिथं त्याला कोन हाय?"

मी हाय ना, असं हनीफच्या अगदी ओठावर आलं होतं. पण हमीदाशी वाद घालून जिंकल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी नव्हता. "बरं. शप्पथ," म्हणून त्याने फोन ठेवला आणि मग कितीतरी वेळ एक बूट पायात आणि एक हातात घेऊन बसून राहिला.

अन्वरीला तो लहानपणापासून ओळखत होता. खाडीतल्या कालवांची टोपली डोक्यावर घेऊन ती यायची आणि उंबऱ्यावर बसून चहा मागून घ्यायची, तो हक्काने. तिच्यासाठी दोन अश्रू ढाळायची सोयही इथे नव्हती, कारण खोलीत दुसरे पाचजण होते आणि त्यांना कारण सांगावं लागलं असतं.

हनीफ सत्तावन्न वर्षांचा होता आणि त्यातली बहुतेक वर्षं त्याने या एका स्वयंपाकघरात काढली होती. शारजा मागे पडलं की दोन्ही बाजूंना वाळू सुरू होते. तिथे पूर्वी रस्ता बांधणाऱ्या एका कंपनीची छावणी होती. पत्र्याच्या बराकी, पाण्याची टाकी आणि एक मेस. हनीफ मिसरूड फुटायच्या वयात त्या मेसमध्ये कांदे कापायला लागला. रस्ता पूर्ण झाला, कंपनी गेली. बराकी रिकाम्या पडून राहण्याऐवजी सरकारने ताब्यात घेतल्या आणि तिथे साध्या गुन्ह्यांतले पुरुष कैदी ठेवायला सुरुवात केली. शिक्षा संपत आलेले, वागणूक बरी असलेले. उंच भिंत बांधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. तारेचं कुंपण घातलं, कारण पळून जाणारा जाणार कुठे, चारी दिशांना वाळूच. पुढे पत्र्याच्या जागी पक्क्या इमारती आल्या, सुतारकामाची शेड आली, छोटी मशीद आली. कैद्यांनीच लावलेली कडुनिंबाची झाडं मोठी झाली आणि त्यांच्या सावलीत नवे कैदी बसू लागले. सगळ्या अमिरातींच्या मिळून असलेल्या सरकारने कारभार हाती घेतला, तेव्हा फाटकावर नवी पाटी आली. तरी जुने शिपाई त्याला अजून छावणीच म्हणायचे.

मेस मात्र जिथल्या तिथे राहिली, आणि मेसबरोबर हनीफही राहिला. जेवणाचा ठेका या कंपनीकडून त्या कंपनीकडे जायचा. जी कंपनी यायची ती भांड्यांबरोबर हनीफलाही ठेवून घ्यायची. कैदी यायचे, सुटायचे. ज्याला कुणी शिक्षा दिली नव्हती आणि तरी ज्याची सुटका होत नव्हती, असा तिथे हनीफ एकटाच होता. हे तो स्वतःच हसून सांगायचा आणि ऐकणारे हसले की थोडा हिरमुसायचा.

शाहबाज सामानाची व्हॅन चालवायचा. एका पहाटे चाकावर त्याचा डोळा लागला आणि रस्ता ओलांडणारा एक मजूर गेला. शिक्षा झाली तेव्हा त्याने वकिलाला एवढंच विचारलं होतं, त्या माणसाच्या घरी कोण कोण आहे. मोठ्या तुरुंगातून तो इथे आला. पहिल्या दिवशी जेवणाच्या रांगेत त्याने "वाइच भात वाढा की" म्हटलं आणि हनीफचा हात जागच्या जागी थांबला. इतक्या वर्षांत त्या रांगेतून खाडीकाठची बोली पहिल्यांदाच आली होती. मग सार्जंट खलफानला सांगून हनीफने त्याला स्वयंपाकघरात मदतीला मागून घेतलं.

हे सगळं ठीक. पण लायटर का काढून घेतला?

तर आज सकाळी गाडीत बसल्या बसल्या हनीफच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ती जाईना. ज्या घरात मयत होते तिथे तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारचे, नात्यातले ताट आणतात, समोर बसून खाऊ घालतात. पलीकडच्या गावात अन्वरीच्या घरची चूल थंड असणार, आणि तिचा एकुलता एक मुलगा इथे मजेत एवढी मोठी भट्टी पेटवणार, पातेली चढवणार, तेही हनीफच्या डोळ्यांसमोर! ते त्याला सोसणारच नव्हतं. शपथ न सांगण्याची होती. न सांगता पोराला चुलीपासून लांब ठेवलं आणि ताट नेऊन दिलं, तर रीतही राहील आणि शपथही राहील, असा त्याने हिशेब केला. स्वतःच्या हुशारीवर तो खूशही झाला. एक बारीकशी गोष्ट तेवढी त्याच्या ध्यानात आली नाही, की ही रीत फक्त त्यालाच ठाऊक होती असं नव्हे.

राजाभाऊ आले ते घड्याळ बघतच. ते ठेकेदार कंपनीचे साइट इनचार्ज. मूळचे पुण्याचे, राहायला शहरातल्या ऊद मेथा भागात, मुलीच्या शाळेजवळ.

"हनीफभाई, चहाला डिले का? आणि हा हीरो बसून काय करतोय? मसूर निवडतोय?"

"हात पोळलाय त्याचा."

राजाभाऊंनी शाहबाजचा हात उलटा-सुलटा करून पाहिला. हात चांगला स्वच्छ होता. शाहबाजने एकदा हनीफकडे पाहिलं आणि तो शांतपणे म्हणाला, "वरनं दिसत नाय सर. आग होते थोडी."

"यल्ला, चालू द्या, दोघं मिळून मला येडा बनवा," राजाभाऊ म्हणाले. मग हनीफला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले, "ऐका. त्याचं नाव रेकमेंड झालंय. सार्जंटनी स्वतः साइन केलंय. ईदपर्यंत काही लफडं नको. कुणाच्या घरचे निरोप-बिरोप आणू नका, रूल माहितीये ना? बाहेरची न्यूज त्यांचे ऑफिसर देतील, आपण नाही. नाहीतर त्याचं पण खलास आणि तुमचं पण."

"मी कधी आणलाय निरोप?"

"नाही आणला. म्हणूनच सांगतोय."

दुपारी सगळे कैदी रांगेत उभे असताना हनीफने एक ताट वेगळं वाढलं. भात, मसुरीची आमटी, तळलेल्या माशाची मधली तुकडी. ते तो स्वतः घेऊन गेला, शाहबाजपुढे ठेवलं आणि समोर उभा राहिला.

"मी घेतलं असतं की, चाचा."

"जेव."

"तुम्ही?"

"तू जेव आधी."

शाहबाज जेवला. मधेच एकदा त्याने वर पाहिलं. हनीफ लगेच छताकडे पाहू लागला. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाहबाज आला आणि सवयीने भट्टीकडे निघाला. हनीफ मधे उभा राहिला. "आज पन नको."

या वेळी शाहबाजने कारण विचारलं नाही. तो परात घेऊन बसला आणि बोटं मसुरीत फिरवत राहिला. दुपारी हनीफ पुन्हा ताट घेऊन आला, तसाच समोर उभा राहिला.

"चाचा," शाहबाजने घास हातात धरून विचारलं, "उद्या पन मी बसायचं?"

"उद्याचा दिवस बस. परवापासनं पेटव."

बोलून गेला आणि मग हनीफला वाटलं, आपण काहीतरी जास्त बोललो. पण शाहबाजने हातातला घास तोंडात घातला. मग दुसरा. पोटात जात नव्हतं हे दिसत होतं, तरी तो एकेक घास पाण्याबरोबर ढकलत राहिला. ताटात शीतसुद्धा ठेवलं नाही. ताट धुतलं, जागेवर लावलं आणि बराकीकडे निघून गेला. हनीफने सुस्कारा सोडला. निभावलं म्हणाला.

संध्याकाळी हमीदाचा फोन आला. कैद्यांना आठवड्यातून एकदा घरी फोन करता यायचा आणि शाहबाजचा वार नेमका आजचा होता. ते आठवून हनीफ दिवसभर धास्तावला होता.

"आला होता फोन," हमीदा म्हणाली. "आमी अरफाला पढवून ठेवलेली. आईचं इचारलं तर निजलीय सांग. पन त्यानं इचारलंच नाय!"

"काय नाय इचारलं?"

"आईचं. दर टायमाला पयला शब्द तोच असतो, अम्मीला दे. आज नुस्तं अरफाला इचारतोय, जेवलीस काय? कोनाकडनं आलं जेवन? समदं संपव, म्हनाला, ताट परत धाडू नको. अरफा बिचारी हो हो करत ऱ्हायली. तुमाला काय वाटतं, पोरगा तिथं ऱ्हाऊन कठोर झाला काय?"

खाटेच्या कडेला बसून हनीफ पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिला, "नाय गं. कठोर नाय." फोन ठेवल्यावर त्याने स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. रात्रभर त्याला एकच भीती होती. पोरगा आता काय करेल? मागच्या वर्षी नुसत्या अर्जावरून त्याने शिपायाची गचांडी धरली होती. ही तर आई.

तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात शिरला तेव्हा शाहबाज आधीच स्टुलावर बसलेला होता. भट्टीपासून लांब, परात मांडीवर घेऊन. कुणी सांगायच्या आधीच.

हनीफने भट्टी पेटवली, पातेलं चढवलं. दोघेच होते. इतर मदतनीस अजून यायचे होते.

"चाचा, आज तिसरा ना?"

"कशाचा तिसरा?"

"बस करा," शाहबाज अगदी हळू म्हणाला. "बाबा गेले तवा मी नऊ वर्साचा होतो. तुमच्या घरनं ताट यायचं, होडीतनं. हमीदाचाची समोर बसायची. शीत ऱ्हायलं तरी उठू द्यायची नाय. पयल्या दिवशी मना कळलं नाय. काल तुम्ही परवापासनं पेटव म्हनलाव, तवा कळलं."

हे हनीफला ठाऊक नव्हतं. त्या वेळी तो इथे होता, याच भट्टीपाशी. आपल्या घरातून कुठे ताटं गेली, आपल्या बायकोने कुणाच्या पोराला पुढ्यात बसवून जेवू घातलं, यातलं त्याने काहीच पाहिलं नव्हतं. त्याला एकदम फार वाईट वाटलं, शाहबाजसाठी आणि थोडं स्वतःसाठीही.

"मी तुना काय सांगितलं नाय," तो कसाबसा म्हणाला.

"नाय सांगितलं. कोनी इचारलं तर मी पन तेच सांगेन." शाहबाजने मसुरीवरून नजर उचलली नाही. "खांदा कोनी दिला?"

शपथ होती. पण या प्रश्नाला गप्प राहायचं, एवढी मोठी शपथ हनीफला माहीत नव्हती.

"फैजनं. माझ्या पोरानं. तुझ्या जागी."

"बाबांच्या बाजूला जागा गावली?"

"बाजूलाच. चिकटून."

शाहबाजने मान हलवली. त्याच वेळी दार उघडून सार्जंट खलफान आत आला. सकाळची फेरी. त्याने भट्टी पाहिली, चहा पाहिला, आणि मग त्याची नजर शाहबाजच्या चेहऱ्यावर थांबली.

"शाहबाज. क्या हुआ? आँख लाल है।"

हनीफचा जीव टांगणीला लागला. परातीच्या कडा धरलेली पोराची बोटं पांढरी पडली होती. एक शब्द वाकडा गेला असता, एक हात वर झाला असता, तर सगळंच गेलं असतं, आणि खाडीपलीकडे अरफा एकटी होती.

शाहबाज उठून उभा राहिला. परात त्याने नीट खाली ठेवली. उजवा हात छातीवर ठेवून म्हणाला, "नींद कम हुई, सर। सब ठीक है।"

"घर में सब ठीक?"

"अल्हमदुलिल्लाह, सर। सब ठीक।"

खलफानने त्याच्याकडे पाहिलं, हनीफकडे पाहिलं. तो काही मूर्ख माणूस नव्हता. "चाय पियो," एवढंच म्हणाला आणि जाताना दार लावून घेतलं.

मग शाहबाज सामानाच्या खोलीत गेला, तांदळाच्या गोण्यांमागे. हनीफ दारात पाठ टेकवून उभा राहिला. इतर मदतनीस आले, एकाला मीठ हवं होतं, एकाला साबण. "मग घ्या," तो सगळ्यांना म्हणाला आणि हलला नाही. आतून आवाज आला नाही. पोरगा तोंडात काहीतरी कोंबून रडत असावा. चहा उतू गेला तरी हनीफ जागेवरून हलला नाही.

बाहेर आला तेव्हा शाहबाजने तोंड धुतलं होतं.

"अरफाला सांगू नका, मना कळलंय म्हनून," तो म्हणाला. "त्यांना वाटंल, मी हितं एकटाच रडतोय. माझा घोर लावून घेतील. घरी गेलो की सांगतील ना, तवा सांगू दे."

"एकटा कुठं होतास," हनीफ म्हणाला.

ईदच्या माफीत शाहबाजचं नाव आलं. कागदपत्रं व्हायला आणखी काही दिवस गेले आणि मग एका सकाळी त्याला फाटकावरून थेट विमानतळावर नेलं. हनीफ तेव्हा जेवण वाढत होता. निरोप घ्यायला मिळाला नाही. असं तिथे नेहमीच व्हायचं आणि हनीफला त्याची सवय होती, असं तो स्वतःला सांगत राहिला.

शुक्रवारी त्याची सुट्टी. नमाज पढून तो खोलीवर आला तर हमीदाचा फोन.

"पोचला वो शाहबाज. सकाळीच आला."

"सांगितलंत?"

"सांगितलं. आमी समद्या बायका वटीवर बसून होतो. दारात आला, पिशवी खाली ठेवली, आनि इचारलं, अम्मी कुठाय? अरफानं हंबरडाच फोडला. मग त्यानंच तिला जवळ घेतलं, पानी पाजलं. आमी धरायला बसलेलो त्याला, आनि त्यानंच समद्यांना धरलं."

"बरं झालं," हनीफ म्हणाला.

"समद्या म्हनत होत्या, हनीफनं शप्पथ पाळली. पोराला कानोकान खबर नव्हती."

हनीफने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अवो," मग हमीदा म्हणाली, आवाज खाली आणून. "मी कोनाला बोलले नाय. पन तो दारात हुभा होता ना, अम्मी कुठाय इचारत... तवा त्याच्या पँटीला कबरस्तानातली लाल माती होती. दोनी गुडघ्यांना. ओली."

हनीफने डोळे मिटून घेतले.

"मी पुढं झाले," हमीदा म्हणाली, "आनि कोनी बघायच्या आधी पदरानं पुसून टाकली."